भोंग्याचा सूर

गिटार कार्व्हालो गार्डाची.
मुलगी पर्थला गेली, मग म्हाताराही निघाला.
रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर सामान विकायला मांडलेलं :
वेताची खुर्ची, नाताळचा तारा,
केक भाजायचा डबा
आणि पाच तारांची ती.
हिलालच्या बापानं, लोको शेडमधल्या फिटरनं,
दीडशेला उचलली.
का, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.
सहावी तार सायकलच्या ब्रेकमधून निघाली.

सूर कुठून आणायचा?
घरात पेटी नव्हती.
भजनी बुवांना ती सतारीची सावत्र बहीण वाटायची,
हात लावेनात.
मग सकाळी सातला शेडचा भोंगा झाला
आणि हिलालनं त्याच्यावर जाड तार लावली.
बाकीच्या मागून आल्या,
इंजिनामागून डबे यावेत तशा.
(हे वाक्य त्यानं एका मुलाखतीत सांगितलं.
वाक्य माझं आहे. असो.)

मी ऑक्टोपॅडवर.
यावल, फैजपूर, सावदा, रावेर,
टेम्पोत स्पीकरवर बसून रात्रीचे परत यायचो,
पाकिटात साठ रुपये, मांडीवर केळीची फणी.
लोकांच्या फर्माइशी संपल्या,
जेवणाच्या पंगती उठल्या,
मंडपवाला दोर सोडायला लागला
की तो स्वतःचं गायचा.
अहिराणीत. खाली मान घालून.
आचारी तेवढे ऐकायचे.

जळगावला कॅसेट निघाली, 'उन्हायानी रात'.
मालक म्हणाला तीन हजार खपल्या,
दुकानदार म्हणाले नऊ.
हिलालला मिळाला एक टेबलफॅन.
तो अजून चालतो, हे मात्र सांगितलं पाहिजे.

पुण्याच्या स्टुडिओत
काचेपलीकडून कीबोर्डवाला म्हणाला,
सगळंच पाव सूर खाली आहे तुमचं.
सगळंच!
त्यानं तारा चढवल्या, गळा चढवला,
आणि टेपवर जो आवाज आला
तो कुणाचा, हे त्याला ओळखू येईना.
दोन वर्षं साबणाच्या जाहिरातीत 'आ आ' केलं.
एकदा फोनवर मला म्हणाला,
इथं फेस माझा आहे.

मग सुरत. उधन्याला रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं.
नखं निळी, कधी जांभळी.
वर्षातून एकदा, श्रावणात, कानबाईच्या रात्री
गल्लीतले नंदुरबारकर, शिरपूरकर, शिंदखेडेकर
त्याला मध्ये बसवायचे.
तेव्हा तो तारा पुन्हा उतरवायचा,
आणि लूमवर बहिरे झालेले लोक
मान डोलवायचे. बरोबर जागी.

परत आला त्या वर्षी
चाळीसगावच्या कुण्या पोरानं
त्याच्याच गाण्याचं डीजेवर काहीतरी केलं होतं.
वरणगावच्या वरातीत ते लागलं,
नवरदेवाचा मामा हिलालला ओढत म्हणाला,
नाच ना भो!
तो नाचला.
मी बघितलंय, चांगला नाचला.
शब्द त्याचे नव्हते उरले,
पण मधली ती घसरती जागा
पोरानं तशीच ठेवली होती.

आता तो शिकवतो. नऊ मुलं, एक पोस्टमन.
मोबाइलमधला काटा हिरवा होईपर्यंत
ती खुंट्या पिळतात,
तो 'बरोबर' म्हणतो.

परवा सकाळी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आला,
शटर अर्धंच वर होतं.
म्हणाला, 'भोंगा याद शे का तुले?'
बंद होऊन किती वर्षं झाली.
मी गुणगुणून दाखवला.
त्यानं मान हलवली, स्वतः लावला, माझ्यापेक्षा जरा वर.
मी म्हटलं, खाली होता.
तो म्हणाला, तू तव्हय झोपेत राहायचा.
कॅसेट लावून पाहिली, फीत ताणलेली,
ती तिसरंच काही सांगत होती.

तेवढ्यात शेजारच्या कुकरची शिट्टी झाली.
दोघंही गप्प.
हिलालनं खुंटीवरचा हात काढला नाही,
डोळे बारीक करून पूर्ण शिट्टी ऐकली.
'हाऊ नही,' म्हणाला.