शिडी कुणाकडे आहे?

माझगावच्या आमच्या गल्लीतला छापखाना मिटला,
खिळे किलोवर गेले,
उरली एक खोली, शाईच्या वासाची.
बिल्डरचा माणूस दोनदा मोजून गेला.
तिसऱ्यांदा आला तेव्हा आत शिडी होती.

बावीस पायऱ्यांची, सागवानी,
सेवरीन डिमेलोच्या सासऱ्याची.
तिच्या घरात मावेना,
म्हणून सगळ्यांची झाली.

मग कुणी करवत आणली, कुणी लग्नातलं पातेलं,
त्रिलोकेकरांनी पायाचं शिवणयंत्र,
त्याच्या कुरकुरीसकट.
वही मी ठेवतो.
'ड्रिल. अन्सारी. रविवारी परत.'
रविवार खोडून सोमवार,
सोमवारही खोडलेला.

विहिरीवरची जाळी काढायला
तीन सह्या आणि अकरा महिने लागले.
गाळातून निघाली एक घागर, एक क्रूस,
सात रबरी चेंडू,
आणि खाली पाणी,
जे कुणाच्याच बापाचं नव्हतं.

भांडणं? होतात की.
पातेल्यात काय शिजलं होतं
यावर दोन बैठका झाल्या.
शेवटी दोन पातेली झाली.
शिडी मात्र एकच.

काल रात्री दार वाजलं.
अन्सारींची झुबेदा, हातात टॉर्च :
"कौल सरकलंय. शिडी कुणाकडे आहे?"
वही उघडली. नोंद नव्हती.

मग आम्ही दोघं गल्लीभर हिंडलो, माना वर करून,
एकेका छपरावर उजेड टाकत.
डिमेलोंची झालर, त्रिलोकेकरांचं धुराडं,
कुणाच्या तरी पन्हळीत उगवलेला पिंपळ.

चौदा वर्षं राहतोय इथे.
शिडी पहाटे सापडली,
विहिरीत उतरलेली.