जमा

टोकावड्याच्या दवाखान्यातली नोंदवही.
पाचवा रकाना पत्त्याचा.
ठकूबाई तागड म्हणाली, "ल्हिवा, माळशेजच्या खाली."
खाली कुठं?
"आता ते गवताला इचारा."

दिवाळी उलटून गेलेली. घाट उतरलेले वाडे
कापल्या भाताच्या खाचरांत विसावलेले,
आणि माझ्या टेबलावर तिच्या थुंकीचा कागद,
खाली लाल रेघ.

सहा महिने, मी म्हटलं. रोज. चुकवायचं नाही.
औषध फुकट आहे.
फुकट या शब्दापाशी ती थबकली,
अनोळखी पाण्यापाशी मेंढरू थबकतं तशी.

"वाचाया येत न्हाई. मोजाया येतं.
तीनशे मेंढरं अंधारात मोजते मी."
आणि चातीवरचा काळा धागा तोडून
तिथंच पहिली गाठ मारली.

पुढं सरळगाव, मग किन्हवली, मग कुठं कुणास ठाऊक.
महिन्याच्या गोळ्या गाडीत घेऊन
मी आणि सुदाम चहाच्या टपऱ्यांवर विचारत हिंडायचो,
तागडांचा वाडा कुठं बसलाय?
लोक तोंडानं सांगत नसत,
रस्त्यावरच्या लेंड्यांकडं बोट करत.

वैशाखात ती परत आली, चढणीच्या वाटेवर.
धागा टेबलावर ठेवला. मी चष्मा लावून मोजला.
दोन ठिकाणी नुसताच धागा.
"हितं मेंढी अडली हुती, रातभर.
हितं बिबट्या.
खोटी गाठ मारली न्हाई, बाई."

या वेळी कागदावर लाल नव्हतं.

"तुमचं शेत कुठंशी?"
शेत नाही मला. कल्याणला दोन खोल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर.
तिला वाईट वाटलं माझं.
उठून तिनं दवाखान्याचं आवार पाहिलं,
पायानं माती उकरली:
"एक रात बसवते मेंढरं. लई खडकाळ हाय,
पर भोपळा ईल."

संस्थेचे हिशेबनीस नंतर म्हणाले,
जमेला हे कसं दाखवायचं? मी म्हटलं, दाखवू नका.

त्या रात्री मी तिथंच राहिले. झोप कुठली.
मेंढरंही खोकतात, अगदी माणसांसारखी,
हे मला ठाऊक नव्हतं.
दर खोकल्याला दचकून उठत होते,
खिडकीशी कान लावून
मेंढराचा की तिचा, ओळखत.

उजाडलं तेव्हा आवार काळं, उबदार,
आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर धूळ.