दाढदुखीवाला

लोमेच्या बाजारात सोमवारी गठ्ठा फुटतो
आणि आम्ही बायका कोपरांनी बोलतो.
या खेपेला माझ्या वाट्याला
एक काळा टी-शर्ट. छातीवर केस पिंजारलेला गोरा,
तोंड असं वासलेलं की पडजीभ दिसावी.
कोण असेल? गाणारा असेल.
मी त्याला दाढदुखीवाला म्हणते.

पाठीवर गावांची यादी, तारखांसकट.
कुठल्याशा थंड देशातली वीसेक गावं.
सातव्या गावाखाली मार्करची रेघ,
धुऊन धुऊन निळसर उरलेली.
तिथं कुणीतरी घसा बसेस्तोवर ओरडलं असणार,
मग लग्न झालं असेल, पोट सुटलं असेल,
किंवा मेलं असेल. गठ्ठा सांगत नाही.

आनानीनं घासाघीस करून आठशे फ्रँकला नेला,
सातशे रोख, शंभर उधार.
पहाटे जाळं ओढायला जातो तो हाच घालून.
खाऱ्या पाण्यानं आधी डोळे खाल्ले,
मग केस.
परवा किनाऱ्यावर बघते तर छातीवर नुसतं तोंड,
आणि दोराला झोंबलेला आनानी
हेय्य, हेय्य करतोय.
दोघांतलं कोण ओरडत होतं
ते मी पैजेवर सांगणार नाही.

शंभर मात्र अजून यायचेत.