वायर न जोडता

जालन्यात लोखंड वितळतं.
रात्री एमआयडीसीकडचं आभाळ
भाजल्या विटेसारखं दिसतं.
भट्टीत जायच्या आधी भंगाराचा एक मुक्काम असतो,
मोंढ्याच्या मागं, हमीदभाई तांबोळ्याच्या गोदामात.
रविवारी मी तिथं.
"आओ बटनवाले," तो म्हणतो,
आणि काट्यावर कीबोर्ड टाकतो, बटाट्यासारखे.
एखादा जड भरला की भाव चढवतो:
"इसमें लोहा है, साब."

लोहा आहे म्हणूनच घेतो, हे मी बोलत नाही.
जुन्याच्या पोटात अखंड पत्रा असतो,
एकेका बटणाखाली एकेक स्प्रिंग.
बोट ठेवलं की आधी जरा नाही म्हणतं,
मग कट्.
आताचे कसे,
काहीही दाबा, हूं नाही की चूं नाही.

सत्तावीस झालेत.
साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा:
उजवीकडचे आकडे पुसलेले, शून्याला तर खळगा पडलेला,
आणि डावीकडची अक्षरं कोरी करकरीत,
आहेरात आलेल्या ताटांसारखी.
फटींत मळी अजून चिकटते बोटाला.
तहसीलमधल्याचं एंटर दोनदा फेव्हिक्विकनं जोडलेलं.
कुणावरचा राग होता, विचारायला कोण राहिलंय तिथं.
एका पतपेढीचा आहे. पतपेढी बुडाली.
त्याचं बॅकस्पेस तेवढं झिजलंय.

छत्रीच्या तारेचा चिमटा केलाय, त्यानं बटणं उपसतो.
जुन्या ब्रशनं घासतो.
पिवळी पडलेली पार्लरमधल्या औषधात बुडवून
गच्चीवर ठेवतो, एप्रिलच्या बारा वाजता.
आमच्याकडचं ऊन कुणाच्या कामाचं नाही म्हणतात.
दोन दिवसांत पांढरं होतं प्लॅस्टिक,
दुधाच्या दातासारखं.
शेजारीच द्वारकाचे सांडगे वाळतात.
परवा कावळ्यानं नेमका माझा एस्केप उचलला,
सांडगा समजून.
द्वारका हसून हसून पायरीवर बसली.
"गेला का," म्हणाली, "तुमच्यातला एक तरी सुटला."

पोळ्याच्या आदल्या रविवारी
ढिगाच्या तळाशी एक हाताला लागला.
देवनागरी अक्षरांचे चिठोरे, ब्लेडनं कापून डकवलेले,
आणि एफवर, जेवर
लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब.
हे थेंब मला माहीत होते.
खालचे उंचवटे झिजून गेले तेव्हा
बोटांना घर सापडावं म्हणून
अक्कानं लावले होते, माझ्यासमोर, सेलूला.
मतदार याद्यांचं काम होतं तिच्याकडं,
नावामागं वीस पैसे.
अख्खा तालुका तिच्या बोटांतून गेला,
नाव, बापाचं नाव, आडनाव,
मधूनच एखाद्यापुढं: मयत.
जेवतानाही मांडीवर बोटं चालायची तिची.

हमीदभाईनं त्या दिवशी वजन केलं नाही.
"ले जाओ," म्हणाला. तोंडावर काही दिसलं असेल माझ्या.

पॅसेंजरनं सेलूला गेलो.
मणक्याच्या ऑपरेशननंतर अक्का खाटेवरच असते.
तिनं ओळखल्याचं दाखवलं नाही.
मांडीवर घेतला, चिठोऱ्यांवरून अंगठा फिरवला,
पदरानं पुसला जरासा.
मग छताकडं बघत
थेंबांवर बोटं टेकली
आणि सुरू झाली.

काय तो आवाज.
नातू मोबाइल ठेवून दारात येऊन उभा राहिला.
वायर खाटेखाली लोंबत होती,
गोल तोंडाची, पाच काड्यांची,
तिला घेईल अशी खाच आता कुठल्या यंत्राला नाही.
मी कान देऊन होतो:
कट् कट् कट्, मग लांब पट्टीचा जाडसर ठोका,
पुन्हा कट् कट्, पुन्हा ठोका, पुन्हा थोडं, आणि थांबली.
तीन शब्द. म्हणजे नाव असणार.

"कुणाचं गं?"

"बघ ना," म्हणाली, "वाचून."

घरी आलो.
फळीवर मोजले. सव्वीस.