पंचवीस मिलिमीटर

त्र्यंबक रोडला, आयटीआय सिग्नलच्या जरा अलीकडे
पाण्याचं मशीन आहे. दोन रुपयांत एक लिटर, गार.
दर मंगळवारी मी त्याचं पोट उघडते.

आत फार काही नाही.
एक उतरता पत्रा, त्यात तीन खाचा:
लहान, मधली, मोठी.
नाणं घरंगळत येतं
आणि ज्या खाचेत मावतं तिथे पडतं.
मशीनला वाचता येत नाही.
आकडा, सिंह, साल,
कुणाच्या मुठीत घामेजून आलं,
काही नाही. अंग किती रुंद, एवढंच.

म्हणून अठ्ठ्याण्णव सालचा रुपया
इथे दोन रुपये होतो.
तेच पंचवीस मिलिमीटर, तेच वजन.
मापं बदलली दिल्लीत,
जुना रुपया होता तसाच राहिला
आणि बसल्या जागी दुप्पट झाला.
समोरच्या पंक्चरवाल्या रशीदभाईंना हे कळलंय.
गल्ल्यातले जुने रुपये ते वेगळे काढतात.
मी बोलत नाही.
माझ्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.

परवा डब्यात सात चकत्या निघाल्या.
स्टीलच्या, दोन्हीकडून कोऱ्या.
आधी शिवीच आली तोंडात.
मग कडेवरून अंगठा फिरवला
आणि शिवी तिथेच थांबली.
कड मारलेली होती.
बर नाही, ओरखडा नाही,
मशीनच्या घशाला लागू नये म्हणून.
चोर कशाला एवढं करेल?

पिशवीतून व्हर्निअर काढला.
पंचवीस पूर्णांक शून्य शून्य.
सातही.
शेजारचं खरं नाणं, टांकसाळीतून निघालेलं,
हातोहात झिजून
चोवीस पूर्णांक ब्याण्णव.
आता खाच कुणाच्या मापाने कापायची?

आणि प्रत्येकीच्या मधोमध
पंचचा एक ठिपका.

गांगुर्डे सर जॉब पास केला की असाच ठिपका मारायचे.
बोलायचे नाहीत.
ठिपका नाही म्हणजे परत लेथवर.
टर्नरच्या वर्गात मी एकटी मुलगी,
मला चौदाव्या जॉबला पहिला ठिपका मिळाला.
तो तुकडा ओढणीच्या टोकाला बांधून
सातपूर ते पपया नर्सरी चालत गेले होते,
बसच्या गर्दीत पडेल म्हणून.

चकतीचं नुसतं स्टीलच तीन रुपयांचं असेल.
वीज वेगळी, वेळ वेगळा.
दोन रुपयांच्या पाण्यासाठी?

सरांच्या घरी फोन लावला.
मुलगी म्हणाली, बाबांचा हात थरथरतो आता,
चहाची बशीही धरवत नाही.

म्हणजे आम्ही उरलेले एकवीस.
हिरामण चाकणला गेला.
भिकनने रिक्षा घेतली.
बोरस्ते कुठे असतो, कुणालाच माहीत नाही.
अंबडच्या कुठल्याशा शेडमध्ये
दुसरी पाळी सुटल्यावर
कुणीतरी उरलासुरला बार लावून बसतंय,
माप साधतंय,
ठिपकाही आपला आपणच मारतंय,
आणि तपासायला आता कुणी नाही
म्हणून माझ्या मशीनकडे पाठवतंय.
मशीन काय, सगळ्यांनाच घेतं.

जाडीत केसभर चुकलाय मात्र.
खाचेत एक शिम सरकवली
की पुढच्या वेळी चकती खणकन परत.
पाच मिनिटांचं काम.

वहीत लिहिलं: सात दुणे चौदा.
पाकिटातून चौदा रुपये काढून डब्यात टाकले.
शिम कापली. बसवली.
एक चकती सोडून पाहिली. परत आली.
रशीदभाईंचा एक रुपया सोडून पाहिला.
गेला.

मग ती चकती पायरीवर ठेवली,
तिच्या ठिपक्याला लागून
स्क्रूड्रायव्हरचं टोक धरलं
आणि पान्याने हलकेच ठोकलं.
सर आयुष्यात कुणाला दोन देत नसत.

परतीच्या वाटीत ती तशीच ठेवली.
झाकण लावलं. पुढचं मशीन पाथर्डी फाट्याला.