एक पूर्णांक चार

कोठावद्यांनी काउंटरवर पिवळं फडकं पसरलं
आणि दोन डब्या ठेवल्या, सोनारानं ठेवाव्यात तशा.
एकीत एक पूर्णांक चार. दुसरीत दोन.
"रविवारभर वापरून बघा काका,
ओरखडा तेवढा नको."

ओझरला चौतीस वर्षं फिटर होतो मी.
विमानाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून
मायक्रॉनच्या हिशेबानं जगलो.
कुठलाही जोड फुकट बसत नाही, हे मला कुणी सांगायला नको.
दोन तुकड्यांच्या मधे काहीतरी सांडतंच.
इथे उजेड सांडतो.
एक पूर्णांक चार निम्मा उजेड खातो.
दोनवाला चारातले तीन वाटे खातो
आणि उरलेल्या एकात म्हणतो, काढ आता फोटो.

नांदूरमध्यमेश्वर. पौषातली सकाळ.
निफाडचा पारा चारवर,
रात्रभर द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
अजून पाण्यावरून उठला नव्हता.
सुखदेव मोगल मफलरीतून हजेरी घेत होता:
थापट्या. तलवार बदक. हळदी-कुंकू, जोडीनं.
आणि मग एकदम हलक्या आवाजात,
"भोवत्या. बाभळीच्या डावीकडं. पार तिकडं."

मी दोनवाला चढवला.
चारशेची लेन्स आठशेची झाली,
आणि माझ्या मनगटातला थरथराटही
तेवढाच मोठा झाला.
मोटर पुढं गेली, मागं आली, पुन्हा पुढं,
रात्री उशाशी चष्मा शोधणाऱ्या हातासारखी.
चौकटीत नुसतं राखाडी.
राखाडीत तपकिरी काहीतरी.
मी दाबत राहिलो.

"लांबचं जवळ येतं साहेब," सुखदेव म्हणाला,
"पण मधला धूर पण येतो ना जवळ."

वाऱ्याकडं पाठ केली, जर्किनचा तंबू केला,
बधिर बोटांनी जोड बदलला.
तेवढ्यात भोवत्यानं सगळं पाणी एकदा उठवलं,
शेकडो पंख फडफडले, पुन्हा बसले,
आणि तो कडव्याच्या बाजूला निघून गेला.
तसा तो कुणासाठी थांबला होता म्हणा.

नऊ वाजता धूर फाटला.
पाणपसाऱ्याच्या कडेला एक मोर शराटी
चिखलात चोच खुपसून आपलं काम करत होती.
चौकटीत लहानच. नखाएवढी.
पण पंखाची कड फाइल मारल्यासारखी साफ,
आणि चोचीच्या टोकाला
एक थेंब, पडायच्या आधीचा.

सोमवारी दोनवाली डबी परत दिली.
"का हो काका? लांबचं सगळ्यांना हवं असतं."
"उजेड परवडत नाही," म्हटलं.
त्यांना वाटलं, किमतीबद्दल बोलतोय,
त्यांनी पाचशे कमी केले.
मी एक पूर्णांक चारचे पैसे मोजले
आणि त्या पाचशेचं काय करायचं याचा विचार करत
शालिमारपर्यंत चालत आलो.

रात्री प्रमिला पडद्याशी वाकून बघत होती.
शराटीचा फोटो तिला आवडला. "थेंब खरा आहे?" विचारलं.
मग आधीचा आला, धुराचा, तपकिरी.
"आणि हे काय? चहा सांडला होता की काय कॅमेऱ्यावर?"

हो, म्हटलं.

ती झोपल्यावर पुन्हा उघडला.
डागाच्या एका बाजूला, नीट पाहिलं तर,
पंख वर उचललेला आहे.
पुसायच्या बटणावर बोट होतं.
अजून तसाच ठेवलाय.