फुकटातला बरा

वाएलसाहेब म्हणाले, पैसे मागू नकोस.
फुकट मिळतात त्यातला बरा बघ
आणि रविवारी अर्ध्या पानात लिहून दे.

जुबैल. गुरुवार, साडेचार.
बाहेर बेचाळीस, आत अठरा,
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम,
आणि बशीरभाई नाखव्यांचं मशीन
आज माझ्या टेबलावर.
सव्वीस वर्षं गोदाम सांभाळून
मंगळवारी ते फायनल एक्झिटवर दाभोळला निघणार.
त्यांच्या फायली लावायच्या.
उरतील त्या पुसायच्या.

काय एकेक ठेवलंय माणसानं!
नवीन फोल्डरात नवीन फोल्डर,
त्यात ‘हेच खरं’,
त्यात ‘हेच खरं २’,
आणि त्यात एकुलती एक फाइल,
व्हॉल्व्हची यादी, २०११.

पहिला मशीनबरोबरच आलेला,
हुंड्यात आल्यासारखा, निवडायची सोयच नव्हती.
एक खिडकी. इथून उचल, मग तिथे जा,
तोवर काय उचललं होतं ते विसर.
नावावरून माणूस ओळखतो.
नाव सारखं दिसलं की लगेच,
‘बदलू का?’
मी दोनदा ‘हो’ म्हणता म्हणता राहिलो.

दुसरा दुपाखी.
मधे आढं, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं,
दोन्हीकडची कौलं एकदम दिसतात.
रोमेल म्हणाला, हा म्हातारा दिसतो.
दिसतो खरा. रंग जुन्या फायलीच्या पुठ्ठ्याचा.
पण तुलना करतो ती आत शिरून,
अक्षर न् अक्षर, बिंदू न् बिंदू.
चाळीस मिनिटं लागली.
तेवढ्यात रोमेलनं नमाजाच्या सुट्टीतला समोसा आणला
आणि संपवलासुद्धा.

तिसरा काळा. माउसला शिवत नाही.
सगळं बोटांवर, जात्यावर बसल्यासारखं,
एकदा लय सापडली की थांबवत नाही.
दोनशे फायलींची नावं एका दमात बदलतो,
पुढे साल लावून देतो.
पण शिकवायचा कुणाला?
गोदामात नवा पोरगा येणार आहे म्हणे,
त्याला अजून जीमेल उघडून द्यावं लागतं.

‘फोटो नवीन’ नावाच्या सोळा फायली निघाल्या,
सोळा वेगवेगळ्या फोल्डरांत.
पहिला म्हणाला, एकच आहेत, बदलू का?
दुसरा चाळीस मिनिटांनी म्हणाला,
सारखी एकही नाही.

काळ्यानं सालं लावून दिली.
मग खालच्या बाणाची कळ दाबत गेलो.
इकाम्याचे फोटो. पाठीमागे तोच पांढरा पडदा.
मिशी काळी. काळी. मिशी नाही.
मिशी परत आली ती करडी होऊन.
कॉलर तीन सालं एकच.
केस मागे, अजून मागे.
२००८ मध्ये डावा गाल टम्म.

बशीरभाई कागदी पेल्यात सुलेमानी घेऊन
कधी मागे उभे राहिले कळलं नाही.
म्हणाले, हा दाढेचा.
त्या दिवशी अक्कलदाढ उठली होती,
आणि मुदीर म्हणे आजच फोटो पाहिजे.
फोटोवाला सुदानी. त्यानं लवंग दिली, पैसे घेतले नाहीत.

चहा टेबलावर ठेवला.
सोळाही परत एकदा पाहिले,
स्वतःचे नसल्यासारखे, चलान तपासावं तसे.
बाकीचे पूस, म्हणाले.
दाढेचा तेवढा ठेव.

पहिला पुसत नाही, टोपलीत लपवून ठेवतो.
काळा विचारतच नाही. बोट पडलं की गेलं.
दुपाखी विचारतो, खात्री आहे?
‘हो’ म्हटलं तरी पुन्हा विचारतो,
खरंच?

पंधरा वेळा, दोन-दोनदा.
बशीरभाई प्रत्येक वेळी मान हलवत होते,
जणू प्रश्न त्यांनाच होता.

रविवारी वाएलसाहेबांना दिलं ते असं:
नावं बदलायला काळा.
रोजच्याला आहे तो चालेल.
पुसायला मात्र दुसरा घ्यावा.
हळू आहे. दोनदा विचारतो.

साहेबांनी विचारलं, हा गुण की दोष?
तो रकाना मी रिकामा सोडला होता.